दरज आणि दर्जा

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दुपारी मी शिकायला आलेल्यांना एक छोटं काम सांगते. सकाळपासून सगळ्यांनी मिळून आठ-दहा चौरस मीटरचा तुकडा अंथरलेला असतो. तळाला दाबलेली खडी, तिच्यावर वाळूचा थर, त्यावर पेव्हर ब्लॉक. अजून प्लेट, म्हणजे थरथरत ब्लॉक दाबणारं यंत्र, फिरलेली नसते, ब्लॉकमधल्या फटी रिकाम्या असतात. मी कुणालातरी म्हणते, मधला कुठलाही एक ब्लॉक काढून दे. तो उकिडवा बसतो, कडेला नखं रोवतो, जरा हलवतो आणि ब्लॉक हातात येतो. यात सांगण्यासारखं काय होतं, असा त्याचा चेहरा असतो.

मग प्लेट कॉम्पॅक्टर फिरतो. कोरडी वाळू वर पसरून झाडूने फटींत लोटली जाते. पुन्हा प्लेट, पुन्हा वाळू, पुन्हा झाडू. फटी तोंडापर्यंत भरल्या की मी त्याच माणसाला म्हणते, आता काढ.

नखं रुतायलाच जागा नसते. मग कुणीतरी दोन चपटे स्क्रू-ड्रायव्हर आणतो. ब्लॉकच्या दोन्ही टोकांना ते खुपसून, आधी या बाजूने, मग त्या बाजूने, केसभर केसभर उचकत राहावं लागतं. भोवतीचे ब्लॉक त्याला सोडत नाहीत. दहा-बारा मिनिटांनी तो निघतो, आणि निघताना चारही बाजूंची वाळू भसकन त्याच्या जागेत ओघळते. त्या खड्ड्यात डोकावून बघणारे चेहरे बघायला मला अजूनही आवडतं. सिमेंट नाही, गोंद नाही. धरून ठेवणारी वस्तू म्हणजे ती मूठभर वाळू.

गवंडीकामात दोन विटांमधल्या फटीला दरज म्हणतात. दरजा भरणं हे गवंड्याचं रोजचं काम. एका तुकडीतल्या मुलाने माझं बोलणं वहीत उतरवताना लिहिलं होतं, ‘दर्जा पूर्ण भरणे’. मी ते खोडलं नाही. त्याची वही परत देताना मनात आलं की मी इतकी वर्षं जे सांगायचा प्रयत्न करते आहे, ते या मुलाने चुकून तीन शब्दांत लिहून ठेवलं आहे.

इंटरलॉकिंग या नावामुळे लोकांची दिशाभूल होते. नागमोडी कडा एकमेकींत अडकतात म्हणजे इंटरलॉकिंग, असं बहुतेकांना वाटतं. कडांच्या आकाराचा फायदा असतो, पण सरळ कडांचे, साधे आयताकृती ब्लॉक अंथरूनही जड गाड्यांचे रस्ते होतात. बंदरांत आणि विमानतळांवरसुद्धा असे ब्लॉक वापरले गेले आहेत. अडकणं तीन तऱ्हेचं असतं. चाक एका ब्लॉकवर आलं की तो एकटा खाली जाऊ पाहतो; दरजेतली वाळू त्याचा भार घासून शेजाऱ्यांकडे पोचवते. चाक ब्लॉकच्या एका टोकावर आलं की तो कलू पाहतो. शेजारी आणि कडेचा भक्कम कर्ब, म्हणजे काठाचा पक्का बांध, त्याला कलू देत नाहीत. गाडी ब्रेक मारते किंवा वळते तेव्हा सगळे ब्लॉक आडवे सरकू पाहतात; तिथे मांडणी उपयोगी पडते. म्हणूनच गाड्यांच्या रस्त्यावर ब्लॉक माशाच्या काट्यासारखे, हेरिंगबोन पद्धतीने लावतात. त्यात लांब सरळ रेघ कुठे तयारच होत नाही, सरकायला वाट मिळत नाही. कर्ब काढून घेतला तर हळूहळू सगळ्या दरजा उघडतात. माळेची गाठ सुटल्यावर मणी जसे एकेक करून निसटतात, तसं ते दिसतं.

दरज दोन ते पाच मिलिमीटरची हवी. त्याहून अरुंद झाली तर वाळू आत जात नाही आणि ब्लॉकच्या कडा एकमेकींवर घासून फुटतात. रुंद झाली तर वाळू धरत नाही. हे आज मी सहज सांगते, पण कुणालातरी ते पहिल्यांदा कळलं असेल, आणि कळल्यावर लिहून ठेवावंसं वाटलं असेल. माझं बरंचसं आयुष्य या लिहून ठेवण्याच्या कामात गेलं आहे, म्हणून त्याबद्दल बोलायचं आहे.

काँक्रीटच्या ब्लॉकची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रुळली. तिथले रस्ते कित्येक पिढ्या भाजलेल्या विटांचे होते. युद्धानंतर सगळीकडे घरं उभारायची होती, विटा पुरेनात. मग विटेच्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वस्तू नवी होती, पण ती लावणारे हात जुने होते. रस्त्यावर विटा बसवणाऱ्या माणसाला डच भाषेत ‘स्ट्राटनमाकर’ म्हणतात, रस्ते करणारा. त्याला वाळू किती घ्यायची, दोरी कशी धरायची, कडेला तुकडा किती मोठा ठेवायचा, हे कागदावरून शिकायची गरज नव्हती. ते तो गुरूच्या शेजारी गुडघ्यावर बसून शिकला होता. त्याने वीट खाली ठेवली आणि ब्लॉक उचलला, इतकंच.

पुढे ही पद्धत जर्मनीत पसरली, तिथे ब्लॉकला वेगवेगळे आकार आले, आणि सत्तरच्या दशकात ब्लॉक पाडणारी यंत्रं समुद्रापार उत्तर अमेरिकेत गेली. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, आशियातही ती पोचली. यंत्र जहाजात चढवता येतं, साचे पेट्यांत भरता येतात. स्ट्राटनमाकर मात्र मागेच राहिला. नव्या ठिकाणी ब्लॉक भराभर तयार होऊ लागले आणि ते लावायला आले डांबराचे, फरशीचे, बागेचे, कुठले कुठले कामगार. त्यांच्या कष्टांत कमी नव्हती. कमी होती ती पिढ्यांच्या अनुभवाची, जो वस्तूबरोबर आला नव्हता. तांत्रिक मानकं आणि प्रशिक्षण या दोन्ही गोष्टींकडे मी याच नजरेने बघते. वस्तू पुढे निघून गेली, तिच्या मागून हात पाठवायचे राहिले. ते पाठवायचं काम अजून चालू आहे.

मानकं झाली, पण ती कुठल्या क्रमाने झाली ते बघावं. अमेरिकेत ब्लॉकचं मानक, एएसटीएम सी ९३६, १९८२ मध्ये आलं. युरोपचं ईएन १३३८ हे २००३ मध्ये, भारताचं आयएस १५६५८ हे २००६ मध्ये. तिन्ही ब्लॉकबद्दल आहेत: ताकद किती, पाणी किती शोषावं, मापात फरक किती चालेल, झीज किती. आणि असे ब्लॉक वापरून शहरातल्या रस्त्याची रचना कशी करावी, पाया किती जाड घ्यावा, हे सांगणारं अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचं मानक, एएससीई ५८, आलं २०१० मध्ये. ब्लॉकच्या मानकानंतर २८ वर्षांनी.

अभ्यास नव्हता असं नाही. ब्रिटनमध्ये जॉन नॅप्टन यांनी १९७६ मध्येच अशा रस्त्यांच्या रचनेवर अहवाल लिहिला होता. ब्रायन शॅकेल यांनी दक्षिण आफ्रिकेत जड चाकांच्या हजारो फेऱ्या मारून ब्लॉकचे रस्ते तपासले. १९८० मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल अपॉन टाइन इथे या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेव्हाच्या संशोधनातलं मला सगळ्यात भावलेलं निरीक्षण असं, की नीट बांधलेला असा रस्ता सुरुवातीला वाहतुकीखाली थोडा बसतो आणि मग आवळत जातो. चाकांच्या दाबाने ब्लॉक आणखी घट्ट होतात आणि काही काळाने बसणं जवळजवळ थांबतं. डांबर वाहतुकीने थकत जातं. इथे वाहतूक उरलेलं काम पुरं करते. पण ‘नीट बांधलेला’ ही अट त्या वाक्यात आहे, आणि ती प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

याच कारणाने क्रम असा लागला, असं मला वाटतं. ब्लॉक पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेता येतो. यंत्रात ठेवून दाबता येतो, आकडा मिळतो, आकडा तक्त्यात बसतो. अंथरलेला रस्ता पिशवीत घालता येत नाही. जे उचलून नेता आलं त्याचं मानक आधी झालं.

अर्थात ब्लॉक दाबणंही वाटतं तितकं सरळ नाही. अमेरिकन मानक दाबाची सरासरी ताकद ५५ मेगापास्कल मागतं, आणि कुठलाही एक नमुना ५० च्या खाली चालत नाही. युरोपने वेगळा रस्ता धरला. ते ब्लॉकला वरून-खालून धारेसारख्या पट्टीने चिरतात आणि तो फुटताना लागलेली ताण-ताकद मोजतात, ३.६ मेगापास्कल. हा फरक का? पातळ ब्लॉक यंत्रात दाबला की यंत्राच्या पोलादी पाट्या त्याला वरून-खालून घट्ट धरून ठेवतात, त्याला बाजूंना फुगू देत नाहीत. त्यामुळे तोच काँक्रीट पातळ ब्लॉकमध्ये जास्त ताकदवान दिसतो आणि जाड ब्लॉकमध्ये कमी. जाडीनुसार आकडा दुरुस्त केला नाही तर चांगला जाड ब्लॉक नापास आणि सुमार पातळ ब्लॉक पास, असं होऊ शकतं. भारतीय मानकात म्हणूनच जाडीनुसार दुरुस्तीचा गुणक दिलेला आहे. शिकवताना मी हे सविस्तर सांगते. दाबाच्या आकड्याला आपण फार मान देतो, आणि तो आकडाही धरण्या-दाबण्याच्या पद्धतीतून आलेला असतो, हे एकदा कळलेलं बरं.

मापाच्या फरकाचंही असंच. अमेरिकन मानकात लांबी-रुंदीत १.६ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. ऐकायला हा कंजूषपणा वाटतो. पण वीस ब्लॉक ओळीने लावले आणि प्रत्येक जण मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोठा निघाला, तर शेवटी वीस-तीस मिलिमीटर वाढतात, कितीतरी दरजा गिळल्या जातात आणि दोरी एका बाजूला, ओळ दुसऱ्या बाजूला जाते.

माझी चूक आता सांगते, कारण तिच्यामुळेच मी या कामात पडले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गोदामाच्या आवारात आम्ही ब्लॉक अंथरत होतो. मालाच्या गाड्या आत येऊन तिथे वळणार होत्या. ब्लॉक ८० मिलिमीटरचे, मांडणी हेरिंगबोन, कर्ब पक्का. पाया दुसऱ्या टोळीने करून दिला होता. मी तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघितली तेव्हा एका ठिकाणी, पाइपसाठी खणलेला चर नंतर बुजवला होता तिथे, पट्टीखाली माझी दोन बोटं सहज गेली. खडी पुन्हा उकरून, ओली करून, थराथराने दाबायची म्हणजे एक दिवस जाणार होता. काम आधीच लांबलं होतं. मी म्हटलं, वाळू जास्त टाकू. वाळूवर पट्टी ओढली की वरचा भाग आरशासारखा सपाट होतो, खाली काय आहे ते कुणाला दिसत नाही. मलाही दिसेनासं झालं.

दुसऱ्या पावसात तिथे पाणी साचायला लागलं. पुढे त्या जागी चाकांच्या दोन पन्हळी पडल्या, दरजांतून गढूळ पाणी वर येऊ लागलं आणि ब्लॉक पायाखाली हलू लागले. सगळ्यांनी ब्लॉकला दोष दिला. मी पण दिला. नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला: सगळे पास, हव्या त्या ताकदीहून जास्तच. तो कागद हातात धरून मी त्या डबक्यापाशी उभी होते. कागद खरा होता, डबकंही खरं होतं.

तेव्हा आमच्याकडे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी अहवाल हातात घेतला नाही. म्हणाले, “मॅडम, ब्लॉकला विचारून काय होणार? त्याच्या खालच्याला विचारा.” त्यांनी दोन स्क्रू-ड्रायव्हरनी एक ब्लॉक उचकून काढला, मग शेजारचे हातानेच निघाले, आणि वाळूत पोलादी पट्टी उभी खुपसली. कडेला २५ मिलिमीटर. चराच्या मधोमध ६०.

२५ मिलिमीटर वाळू दाबली की काही मिलिमीटर बसते आणि सगळीकडे सारखी बसते, म्हणून वरून काही कळत नाही. ६० मिलिमीटर वाळू दुपटीहून जास्त बसते, आणि तीही एका दिवसात नाही, गाड्यांखाली महिनोन्‌महिने बसत राहते. पायातला खड्डा मी झाकला होता. तो वर आला, इतकंच झालं.

त्या वाळूची एक मूठ काकांनी काचेच्या बरणीत टाकली, पाणी ओतलं, झाकण लावून खळखळ हलवली आणि कर्बवर ठेवली. थोड्या वेळाने तळाला वाळू बसली आणि तिच्यावर साईसारखा मातकट थर जमला. आम्ही खडीच्या कारखान्यातला बारीक भुगा मिसळला होता, स्वस्त पडतो म्हणून. हा भुगा पाणी धरून ठेवतो, चाक आलं की त्याचा चिखल होतो आणि तो दरजेतून वर फेकला जातो. बिछान्याच्या, म्हणजे ब्लॉकखालच्या, वाळूत ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग १ टक्क्याहून जास्त नको, असं चांगली मार्गदर्शक पत्रकं सांगतात. मी ते वाक्य वाचलं होतं. वाचताना ते मला फक्त एक आकडा वाटलं होतं. बरणीतली साय बघितली तेव्हा ते वाक्य कळलं.

त्या दिवसापासून तांत्रिक पत्रकं वाचायची माझी पद्धत बदलली. ‘पायातले खड्डे वाळूने भरू नयेत.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कधीतरी अशीच पट्टी वाळूत खुपसली असणार. ‘वाळूवर पट्टी ओढल्यानंतर तिच्यावर पाय ठेवू नये.’ कुणाच्या तरी पावलांचे ठसे ब्लॉकवर उमटले असणार. ‘गाड्यांच्या रस्त्यावर पूर्ण ब्लॉकच्या एक-तृतीयांशाहून लहान तुकडा वापरू नये.’ कर्बच्या कडेला पाचरीएवढे तुकडे चाकाखाली फुटून उडालेले कुणीतरी वेचले असणार. ‘ज्या कडेला अजून आधार नाही, तिच्यापासून दोन मीटरच्या आत प्लेट फिरवू नये.’ कुणाची तरी दिवसभराची ओळ संध्याकाळी बाहेर सरकली असणार.

नंतर मला अशी पत्रकं लिहायच्या, तपासायच्या आणि त्यावर प्रशिक्षण बेतायच्या कामात बोलावलं गेलं. मी आनंदाने गेले. बैठकीत एका टेबलाभोवती ब्लॉक तयार करणारे, रस्ते करून घेणारे, रचना करणारे आणि प्रत्यक्ष लावणारे बसतात. एकेका शब्दावर तास जातात, आणि जायलाच हवेत. ‘करावं’ आणि ‘केलंच पाहिजे’ या दोन शब्दांमध्ये उद्याचा एखादा रस्ता असतो. ‘करावं’ म्हटलं की ज्याला घाई आहे तो ते सोडून देतो. ‘केलंच पाहिजे’ म्हटलं की ते तपासायचं कसं, हेही लिहावं लागतं.

सगळ्यात जास्त भांडण मी ‘पुरेसं’ या शब्दाशी केलं आहे. ‘ब्लॉक पुरेसे दाबावेत.’ कुणाला पुरेसे? प्लेटचा आवाज मोठा असतो, तो ऐकूनच माणसाला पुरेसं वाटू लागतं. ६० ते ८० मिलिमीटरच्या ब्लॉकसाठी प्लेटचा जोर किमान २२ किलोन्यूटन हवा. वाळू भरायच्या आधी निदान दोन फेऱ्या हव्यात, दुसरी पहिलीला काटकोनात असली तर उत्तम. मग कोरडी वाळू टाकून दरजा भरेपर्यंत फेऱ्या. ‘भरेपर्यंत’ म्हणजे किती, तेही लिहायला हवं: दरजेत पातळ पात्याची पट्टी खुपसून बघावी, ती सहज आत गेली तर भरलेली नाही. इतकं लिहिल्यावर कुणी विचारलं, मजूर हे वाचणार आहे का? प्रश्न रास्त होता. उत्तर असं की तो वाचो न वाचो, त्याला शिकवणाऱ्याच्या तोंडी ‘पुरेसं’ हा शब्द येता कामा नये.

लिहिणारे एका भाषेत विचार करतात आणि लावणारे दुसऱ्या भाषेत काम करतात, ही अडचण जवळजवळ प्रत्येक देशात आहे. बांधकामावरचा माणूस बहुधा दुसऱ्याच मुलखातून आलेला असतो. आम्ही पत्रकातली कितीतरी वाक्यं टाकून दिली आणि चित्रं काढली. वाळूत खुपसलेली पट्टी. बरणीतली साय. दोरीच्या एका बाजूला गेलेली ओळ. दरवेळी चित्र काढायला बसलं की लक्षात यायचं, ज्या वाक्याचं चित्र होत नाही त्या वाक्यात बहुतेक वेळा कामाचं काही नसतं.

उत्तर अमेरिकेत १९९३ मध्ये या व्यवसायाची एक संस्था उभी राहिली, इंटरलॉकिंग काँक्रीट पेव्हमेंट इन्स्टिट्यूट. तिने तांत्रिक पत्रकांची मोठी मालिका काढली आणि लावणाऱ्यांसाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र सुरू केलं. २०२२ मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेशी एकत्र होऊन नव्या नावाने काम करू लागली. स्पर्धक कारखान्यांनी एकत्र येऊन आपल्या मालाच्या वापराचे नियम ठरवावेत, याबद्दल काहींना शंका वाटते. विकणाऱ्याने वापर शिकवायचा म्हणजे सोयीचं तेच शिकवणार, असं ते म्हणतात. मी ही शंका टाळत नाही, म्हणून अशा टेबलाभोवती लावणारा आणि करून घेणारा बसलेला असलाच पाहिजे असा माझा आग्रह असतो. पण खचलेला एक रस्ता बघून शंभर जण ब्लॉक नको म्हणतात, हेही कारखानदाराला ठाऊक असतं. लावणारा चांगला घडावा यात त्याचाही जीव अडकलेला असतो.

परीक्षेचा प्रश्न मला जास्त छळतो. काकांनी आमच्या पहिल्या लेखी चाचणीत चाळीसपैकी पंधरा प्रश्न सोडवले. बाकीचे त्यांनी वाचलेच नाहीत. अक्षरं जुळवताना वेळ संपली. त्याच तुकडीत एका तरुण पर्यवेक्षकाला सगळे गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष कामात त्या तरुणाने पहिली ओळ कर्बला चिकटवून सुरू केली. कर्ब स्वतःच जरासा वाकडा होता, त्यामुळे सहाव्या ओळीपर्यंत सगळी मांडणी वाकली. काका कर्बकडे बघतही नव्हते. त्यांनी आधी गुण्या लावून दोन दोऱ्या काटकोनात ताणल्या, दोरीला बोटाने टणत्कार देऊन ताण बघितला, आणि दोरीपासून निघाले. ब्लॉक उचलताना ते तीन-चार वेगवेगळ्या थप्प्यांमधून आळीपाळीने उचलत होते. का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. म्हणाले, “एकाच थप्पीतले लावले तर रंगाचे पट्टे दिसतात. मिसळले की अंगण एकसारखं वाटतं.” हे पत्रकात होतं. काकांनी ते पत्रकात वाचलेलं नव्हतं.

काकांना आम्ही नापास करणार होतो. त्या रात्री मी झोपले नाही. मानकाचं काम अनुभव टिकवण्याचं, आणि आमची चाचणी ज्याच्याजवळ अनुभव आहे त्यालाच दाराबाहेर ठेवत होती. पुढच्या तुकडीपासून तोंडी परीक्षा आली आणि प्रत्यक्ष कामाला निम्म्याहून जास्त गुण आले. त्यासाठी गुणपत्रिका लिहिणं फार कष्टाचं होतं, कारण मग परीक्षकालाही डोळे लागतात. काकांना पुढे प्रमाणपत्र मिळालं. त्याहून महत्त्वाचं, ते शिकवायला येऊ लागले.

पाणी मुरवणारे रस्ते आले तेव्हा सगळ्यांना थोडं विसरून पुन्हा शिकावं लागलं. त्यात बिछान्याला वाळू नाही, दरजेत वाळू नाही; सगळीकडे धुतलेली, एकसारख्या मापाची खडी, म्हणजे पाऊस दरजांतून थेट खाली जाऊन पायात साठतो आणि हळूहळू जमिनीत मुरतो. त्याचं अमेरिकन मानक, एएससीई ६८, २०१८ मध्ये आलं. वाळूवर आयुष्य काढलेला मिस्त्री तिथे सवयीने दरजांत वाळू लोटतो आणि रस्ता बुजतो. काकांनीही एकदा झाडू उचलला होता. मग स्वतःच थांबले, खडीची मूठ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “इथे दरज पाण्याची वाट आहे.”

एक काम मला अजून पुरतं जमलेलं नाही. या रस्त्याचा मोठा गुण असा की तो उचकटता येतो. पाइप फुटला, ब्लॉक काढा, दुरुस्ती करा, तेच ब्लॉक परत लावा. चांगल्या हातांनी लावले तर कुठे खणलं होतं ते शोधूनही सापडत नाही. पण खणणारे दुसरे असतात. पाइपवाला, केबलवाला. त्यांच्या कामात रस्ता हा अडथळा असतो. ते चर मातीने एका दमात बुजवतात, ब्लॉक कसेबसे परत ठेवतात, उरलेले चार-पाच कडेला रचून निघून जातात. म्हणजे गोदामातला माझाच चर पुन्हा. लावणाऱ्यांना शिकवून भागत नाही, काढणाऱ्यांनाही शिकवायला हवं. त्यांच्यासाठी आम्ही एक दिवसाचा धडा बेतला आहे. भराव थराथराने दाबणं, चराच्या दोन्ही बाजूंना ब्लॉकच्या एक-दोन ओळी जास्तीच्या उचलून पाया पक्का करणं, जुन्या ब्लॉकच्या अंगची वाळू खरवडून मगच ते बसवणं. धडा चांगला आहे. त्याला माणसं पाठवायला संबंधित विभाग अजून तयार होत नाहीत. मी पत्रं लिहिते आहे.

दर तुकडीच्या शेवटच्या दिवशी आम्ही सरावाचा तुकडा उचकटतो. मुलं ब्लॉक काढतात, तारेच्या ब्रशने त्यांच्या कडा घासतात, थप्प्या लावतात. वाळू चाळून ताडपत्रीखाली ठेवतात. त्या ब्लॉकनी इतक्या तुकड्या बघितल्या आहेत की त्यांच्या वरच्या कडा हाताने कुरवाळल्यासारख्या गोल झाल्या आहेत. काका कडेला खुर्ची टाकून बसतात आणि पोलादी पट्टी घेऊन उघड्या पडलेल्या वाळूत जागोजागी खुपसत राहतात. कुणाच्या बाजूला किती निघाली ते मोठ्याने सांगतात, सव्वीस, चोवीस, पंचवीस, आणि ज्याच्या बाजूला तीसच्या वर निघते तो मुलगा काही न बोलता खाली बसतो आणि खडीवर हात फिरवून खड्डा शोधतो.